डोक्यात राख, रक्तात रसायन

१९७८ साली नेदरलंड्समधल्या नायमेगेन इथल्या विद्यापीठ रुग्णालयात एक बाई आली. दुखणं तिचं स्वतःचं नव्हतं, घरातल्या पुरुषांचं होतं. तिचे काही भाऊ आणि एक मुलगा बुद्धीने जरा मागे होते, पण घर जेरीस आलं होतं ते त्यांच्या रागापायी. सगळेच पुरुष तसे नव्हते. बाकीचे चारचौघांसारखे नोकरी-संसार करणारे होते. आणि बायकांपैकी कुणालाच हे कधी झालं नव्हतं.

या घराण्यातल्या एका आजोबांनी हा प्रकार फार आधी हेरला होता. मतिमंद मुलांच्या शाळेत ते शिक्षक होते, त्यामुळे नजर सरावलेली. १९६२ साली नातेवाइकांकडे विचारपूस करून त्यांनी घराण्याची वंशावळ मांडली आणि तिच्यात असे नऊ पुरुष दाखवून दिले. माग १८७०पर्यंत मागे गेला होता. आपल्याकडेही कुलवृत्तांताचं वेड असलेले एखादे काका बहुतेक घरांत असतात, पण ते कर्तबगार पूर्वज शोधतात. या आजोबांनी घराण्याने झाकून ठेवाव्यात अशाच गोष्टी लिहून काढल्या, आणि तीस वर्षांनी विज्ञानाच्या कामी आल्या त्या ह्याच.

काय काय होतं त्यात? एकाला साहेबाने काम नीट होत नाही म्हणून सुनावलं, तर त्याने साहेबाच्या अंगावर गाडी घालायचा प्रयत्न केला. दुसरा रात्री सुरी घेऊन बहिणींच्या खोलीत शिरायचा आणि त्यांना कपडे उतरवायला लावायचा. तिसऱ्याने बहिणीवर बलात्कार केला; त्याला संस्थेत ठेवलं, तर तिथे त्याने शेतातलं दाताळं रखवालदाराच्या छातीत खुपसलं. दोघांनी आगी लावल्या. हे रोज चालत नसे. एकदा डोकं फिरलं की एक ते तीन दिवस तो झटका टिकायचा. तेवढ्या काळात झोप जवळजवळ नाही, आणि लागलीच तर दचकून, किंचाळत उठणं. कारण म्हणावं तर क्षुल्लक असायचं. कुणी टोकलं, कुणी नाही म्हटलं, घरात कुणी गेलं.

आनुवंशिकीचे डॉक्टर हान ब्रुनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घराण्याचा पाठपुरावा करून १९९३ साली निष्कर्ष छापले. पुरुषांना होतं, बायकांना नाही, आणि आईकडून मुलाकडे येतं, यावरून दोष एक्स गुणसूत्रावर असणार हे उघड होतं. बाईकडे दोन एक्स असतात, एक बिघडला तर दुसरा निभावून नेतो; पुरुषाकडे एकच. या पुरुषांच्या चोवीस तासांच्या लघवीत सेरोटोनिनसारखी रसायनं भरमसाट निघाली आणि ती मोडल्यावर उरणारे पदार्थ फार कमी. म्हणजे रसायनं तयार होत होती, त्यांची विल्हेवाट लागत नव्हती. विल्हेवाट लावणाऱ्या एन्झाइमचं नाव मोनोअमाइन ऑक्सिडेज ए, थोडक्यात एमएओए. त्याच्या जनुकात एका जागी एकच अक्षर बदललं होतं, आणि त्या बदलामुळे एन्झाइम बनता बनता मध्येच थांबत होतं.

हे एन्झाइम डॉक्टरी जगाला नवं नव्हतं. १९५२च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे औषध दिलं, तेव्हा खंगलेली माणसं वॉर्डात उत्साहाने फिरू लागली, काही तर नाचू लागली. ते औषध याच एन्झाइमला अडवत होतं. नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक तिथून निघालं. म्हणजे तेच एन्झाइम प्रौढ माणसात औषधाने थांबवलं तर तो नाचतो, आणि जन्मापासून नसेल तर गाडी अंगावर घालतो. इथेच कुणालाही थबकायला व्हायला हवं होतं. वर्तमानपत्रं थबकली नाहीत. त्यांना ‘आक्रमकतेचं जनुक’ सापडलं होतं. ब्रुनर पुढे स्वतः सांगत राहिले की असं जनुक असण्याची कल्पनाच निरर्थक आहे, पण तोवर मथळा फार पुढे निघून गेला होता.

माझ्या मते या घराण्याची खरी शिकवण रसायनात नाही, गुन्ह्यांच्या यादीत आहे. बिघाड सगळ्यांचा एक, अगदी एका अक्षराचा. पण एकाने गाडी घातली, एकाने आग लावली, एक बहिणींच्या खोलीत गेला. राग किती आणि किती पटकन, हे रसायनाने ठरवलं असेल. कुणावर आणि कशाने, हे त्याने ठरवलेलं दिसत नाही. पुढे जे जे सांगणार आहे त्यात हा एकच धागा आहे, तेव्हा तो इथेच हातात दिलेला बरा.

सेरोटोनिनचा घोळ आधी पाहू. ‘सेरोटोनिन कमी झालं की माणूस भडकतो’ हे वाक्य आता मोबाइलवरच्या चित्रफितींतूनही ऐकू येतं. त्याला आधार आहे. स्वीडनमध्ये मारी ओसबेर्ग यांनी १९७६ साली दाखवलं की ज्यांच्या पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सेरोटोनिनचा उरलासुरला पदार्थ कमी असतो, ते आत्महत्येचा प्रयत्न करताना जास्त हिंसक मार्ग निवडतात. १९८३मध्ये मार्कू लिनोइला यांनी फिनलंडच्या कैद्यांत तेच मोजलं, आणि तिथे फरक पडला तो गुन्हा किती भयंकर होता यावरून नाही. भरात येऊन मारणाऱ्यांत तो पदार्थ कमी होता. बेत आखून, थंड डोक्याने मारणाऱ्यांत तसा नव्हता. म्हणजे हे मोजमाप क्रौर्याचं नव्हे, आवर घालण्याच्या ताकदीचं. आता नायमेगेनच्या पुरुषांकडे पाहा: त्यांच्यात सेरोटोनिन कमी नव्हतं, साचून राहिलेलं होतं. आणि शेवंड? हार्वर्डमध्ये एडवर्ड क्राव्हिट्झ यांनी शेवंडीच्या जातीच्या मोठ्या लॉबस्टरना सेरोटोनिन टोचलं, तर ते नांग्या उगारून, टाचा वर केल्यागत ताठ उभे राहिले, दादा असल्यासारखे. दुसरं एक रसायन, ऑक्टोपामिन, टोचलं तर अंग जमिनीला टेकवून नमते झाले. एकच द्रव्य, तीन ठिकाणी तीन अर्थ.

उंदरांनी यातला थोडा उलगडा केला, तोही अपघाताने. पॅरिसजवळच्या ओर्से इथे इझाबेल सेफ यांचं काम इंटरफेरॉनवर चाललं होतं. उंदरात घुसवलेला जनुकाचा तुकडा चुकून एमएओएच्या मध्यात जाऊन बसला आणि ते जनुक बंद पडलं. त्या वंशातले नर एका पिंजऱ्यात ठेवले की एकमेकांना चावून जखमी करू लागले. १९९५ साली ओलिव्हिये काझ, सेफ आणि मंडळींनी ते छापलं, आणि त्यातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट चाव्यांची नाही. या पिलांच्या मेंदूत मिशांच्या स्पर्शाचा जो नकाशा असतो, तो उमटलाच नव्हता. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत औषधाने सेरोटोनिन कमी केलं तर नकाशा उमटला. म्हणजे रसायनाचं काम आज रागाच्या वेळी काय करायचं एवढंच नव्हतं; मेंदू बांधला जात असताना ते गवंड्यांपैकी एक होतं. क्षयरोगी नाचले आणि ही माणसं बिघडली, यामागचं कारण बहुधा हेच: एकात बांधून झालेलं घर, दुसऱ्यात पायापासून वाकडी भिंत.

बांधकामाच्या काळात आणखी काय काय घडतं, हे पाहायला न्यूझीलंडला जावं लागतं. डनेडिन गावात १९७२-७३मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा आजही चालू आहे. त्यातल्या ४४२ मुलग्यांचा हिशेब अव्शालोम कास्पी आणि टेरी मॉफिट यांनी २००२ साली मांडला. एमएओए जनुकाचे दोन सर्वसाधारण प्रकार असतात, एक जास्त काम करणारा, एक कमी. कमी काम करणारा प्रकार रोग नव्हे; युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण तिघांत एकाकडे तो असतो. नुसता तो असून काही बिघडत नव्हतं. बालपणी मारझोड, हेळसांड, अत्याचार झाला असेल आणि सोबत हा प्रकार असेल, तर मात्र चित्र पालटत होतं. अशी मुलं गटात फक्त १२ टक्के होती, पण हिंसक गुन्ह्यांबद्दल झालेल्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर होत्या. २०१४ साली अशा २७ अभ्यासांची एकत्रित छाननी झाली आणि पुरुषांपुरता तरी हा निष्कर्ष टिकला.

आपल्याकडच्या आई-बापांना हे वाचून काय वाटावं? ‘छडी लागे छमछम’ म्हणणाऱ्या पिढीला तर अजिबात आवडणार नाही. मुलाचं जनुक कुणी तपासून घेत नाही, घेऊही नये. पण हात उचलायचा की नाही, हे त्याच घरात रोज ठरतं.

कोर्टात मात्र या जनुकाचा उपयोग उलट्या बाजूने झाला. अमेरिकेतल्या जॉर्जियात स्टीफन मोब्ली या खुन्याच्या वकिलांनी त्याच्या जनुकाची तपासणी करू द्या म्हणून अर्ज केला. १९९५ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं, आणि दहा वर्षांनी त्याला मृत्युदंड दिला गेला. २००९मध्ये टेनेसीत ब्रॅडली वॉल्ड्रुपच्या खटल्यात वारं फिरलं. त्याने बायकोच्या मैत्रिणीला गोळ्या घालून मारलं होतं आणि बायकोवर कोयत्याने वार केले होते. कमी कामाचं जनुक आणि हालअपेष्टांचं बालपण, हा पुरावा ज्यूरीपुढे आला. फाशीची मागणी असलेल्या खटल्यात ज्यूरीने खुनाऐवजी कमी दर्जाच्या मनुष्यवधाचा दोष दिला. सगळे गुन्हे मिळून बत्तीस वर्षं. त्याच वर्षी इटलीत त्रिएस्तेच्या अपील कोर्टाने एका खुन्याची शिक्षा एका वर्षाने घटवली, कारणांत जनुकही होतं. एक वर्ष! जनुकाचं वजन नेमकं एक वर्ष भरलं, हे कुठल्या तराजूवर? डनेडिनच्या आकड्यांचा अर्थ लावायचा तर आरोपीच्या पिंजऱ्यात त्याचा मारकुटा बापही उभा करावा लागेल, आणि ते कुठल्याही कोर्टाला जमणारं नाही.

आता हार्मोनकडे वळू. शेतकऱ्याला टेस्टोस्टेरॉन हा शब्द माहीत नव्हता, पण त्याचं काम हजारो वर्षं माहीत होतं. खोंड जुवाला जुंपायचा तर खच्ची करावा लागतो. पूर्वी बडवून करत, ते पाहवत नसे. आता जनावरांच्या दवाखान्यात पाय बांधून आडवा पाडतात आणि बर्डिझोच्या मोठ्या चिमट्याने वृषणाकडे जाणारी शीर कातडी न फाडता बाहेरूनच चेचतात. काही आठवड्यांत मान उतरते, डुरकणं थांबतं. पण वेळेवर झालं तर. पाच-सहा वर्षं अंडील राहिलेला, झुंजीची चटक लागलेला बैल नंतर खच्ची केला तरी शिंग उगारायची खोड सगळी जात नाही, हे जुन्या जाणत्यांना पक्कं ठाऊक. गोव्यात धिरयोसाठी, म्हणजे बैलांच्या झुंजीसाठी, पोसलेल्या बैलांना तर मुद्दाम अंडील ठेवत आणि वर झुंजीचा सराव देत. १९९६ला उच्च न्यायालयाने धिरयोवर बंदी घातली, तरी अधूनमधून बातम्या येतातच. माकडांवर, मांजरांवर, कुत्र्यांवर झालेले प्रयोगही हेच सांगतात: खच्चीकरणाने आक्रमकता कमी होते, शून्य होत नाही, आणि पूर्वीचा अनुभव जितका जास्त तितकी जास्त उरते. सवयीने झालेली गोष्ट हार्मोनच्या ताब्यातून निसटते.

प्रयोगाने हे पहिल्यांदा दाखवलं ग्योटिंगेनच्या आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी, १८४९ साली, अवघ्या सहा कोंबड्यांवर. वृषण काढलेल्यांचे तुरे आक्रसले, बांग गेली, भांडणं गेली. काहींच्या पोटात वृषण परत ठेवून दिलं, कुठल्याही मज्जातंतूला न जोडता. तुरे लाल झाले, बांगा सुरू झाल्या, आणि एकमेकांवर धावून जाणंही. ज्याअर्थी मज्जातंतू जोडलेला नाही, त्याअर्थी काहीतरी रक्तातूनच जातं आहे, इतकं सरळ अनुमान. हार्मोनचं सगळं शास्त्र पुढे या सहा कोंबड्यांवर उभं राहिलं.

माणसाकडे येताच सरळपणा संपतो. १९९६ साली शलेंदर भसीन यांनी ४३ धडधाकट पुरुषांपैकी काहींना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचलं, म्हणजे शरीराला लागतं त्याच्या कित्येक पट. स्नायू वाढले, जोर वाढला. राग मोजणाऱ्या प्रश्नावल्यांत फरक पडला नाही. झुरिकमध्ये २०१०ला छापलेला प्रयोग त्याहून मजेदार आहे. सुमारे १२० बायकांना अर्धा मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन किंवा औषध नसलेली नुसती खोटी मात्रा जिभेखाली दिली आणि दोघींत पैसे वाटून घ्यायचा खेळ खेळायला लावला. एकीने वाटणी सुचवायची. दुसरीला ती पटली नाही तर दोघींनाही काही मिळत नाही. ज्यांच्या अंगात खरोखर टेस्टोस्टेरॉन गेलं होतं, त्यांनी जास्त न्याय्य वाटणी सुचवली. आणि ज्यांना वाटत होतं की आपल्याला टेस्टोस्टेरॉन दिलंय, मग दिलेलं असो वा नसो, त्या कद्रूपणे वागल्या. खऱ्या रसायनापेक्षा त्याच्याविषयीच्या समजुतीने जास्त बिघडवलं. प्रतिष्ठा ज्या गोष्टीने मिळते ती गोष्ट हे हार्मोन करायला लावतं, असा याचा एक अर्थ लावतात. प्रतिष्ठा उदारपणाने मिळत असेल तर उदारपणा, मुसंडीने मिळत असेल तर मुसंडी. धार लावणारा सुरीला धार लावून देतो. तिने पुढे कांदा चिरायचा की आणखी काही, हे घरचे ठरवतात.

हे नुसतं बोलणं नाही, लाळेतून मोजलेलं आहे. १९९६ साली मिशिगन विद्यापीठात डोव्ह कोहेन, रिचर्ड निस्बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटं नाटक रचलं. विद्यार्थ्याला सांगायचं की हा कागद बोळाच्या टोकाला टेबलावर ठेवून ये. बोळ अरुंद. मध्येच एक माणूस फायलींच्या कपाटाचा कप्पा उघडून बसलेला. त्याला कप्पा आत ढकलून वाट द्यावी लागते. विद्यार्थी परत येतो तेव्हा तो माणूस कप्पा दाणकन आपटतो, जाता जाता खांद्याने धक्का मारतो आणि एक शिवी पुटपुटून बाजूच्या खोलीत शिरून दार लावून घेतो. एवढंच. आधी आणि नंतर विद्यार्थ्याची लाळ तपासायची.

अमेरिकेच्या उत्तर भागातून आलेली मुलं बहुतांशी हसली. दक्षिणेतून आलेल्यांचे चेहरे बदलले. दक्षिणेकडच्या मुलांचं कॉर्टिसॉल, ताणाचं हार्मोन, ७९ टक्क्यांनी चढलं; उत्तरेकडच्यांचं ३३, आणि तेवढं तर शिवी न खाल्लेल्यांचंही चढलं होतं. टेस्टोस्टेरॉन एकीकडे १२ टक्के, दुसरीकडे ६. नंतर त्याच अरुंद बोळातून समोरून एक सहा फूट तीन इंची धिप्पाड माणूस मधोमध चालत येई आणि संशोधक मोजत, विद्यार्थी किती अंतरावर बाजूला होतो. दक्षिणेकडची मुलं एरवी फार अदबशीर: १०८ इंचांवरूनच वाट सोडत. शिवी खाल्ल्यावर ३७ इंचांपर्यंत हटली नाहीत. उत्तरेकडच्यांत शिवीने फरक पडला नाही. दक्षिणेत गुरं राखणाऱ्यांची वस्ती, पोलीस-कायदा लांब, तेव्हा अपमान गिळला तर उद्या गुरं जातील, ही पिढ्यांची शिकवण त्यामागे असल्याचं निस्बेट सांगतात. अब्रूसाठी कुऱ्हाडी काढणाऱ्या भावकीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजवावं लागणार नाही. शिवी तीच, ग्रंथी त्याच. हार्मोन किती चढायचं ते गावाने ठरवलं.

हे सगळं मेंदूत कुठे घडतं, ते थोडक्यात. झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी मांजराच्या मेंदूत, हायपोथॅलॅमसमध्ये, बारीक तार घालून वीज सोडली की शांत बसलेलं मांजर केस फुलवून फिस्कारत जवळच्याच्या हातावर झेप घेई. वीज बंद, मांजर शांत. १९४९चं नोबेल त्यांना मिळालं. २०११मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिड अँडरसन आणि दायू लिन यांनी उंदरांत त्याच भागातल्या मोजक्या पेशी प्रकाशाने चेतवल्या, तर उंदीर मादीवर, खच्ची नरावर, इतकंच काय, फुगवलेल्या हातमोज्यावरही तुटून पडले. समागम चालू असताना मात्र तोच प्रकाश फार चालत नसे. पुढे कळलं की या पेशींवर खूण असते ती इस्ट्रोजेनच्या ग्राहीची. नराच्या टेस्टोस्टेरॉनचं मेंदूत बरंचसं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होतं आणि तेच इथे काम करतं. ‘मर्दानी’ रागाच्या गाभ्यात बायकी म्हणून हिणवलेलं हार्मोन बसलेलं आहे, हे कळल्यावर मिशीला पीळ देणारे काय म्हणतील कोण जाणे.

तार घालून राग येतो, तर तो भाग जाळून जाईल का? हा विचार परदेशातच झाला असं नाही. मद्रासच्या सरकारी रुग्णालयात व्ही. बालसुब्रमण्यम आणि बी. राममूर्ती यांनी १९६०च्या दशकापासून शेकडो रुग्णांवर, त्यांत अनावर आणि हिंसक म्हणून आणलेली लहान मुलंही आली, मेंदूतल्या ॲमिग्डला आणि हायपोथॅलॅमस यांचा भाग नष्ट करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. त्याला ते शामक शस्त्रक्रिया म्हणत. जगातल्या मोठ्या मालिकांपैकी ही एक, आणि आपल्याला तिच्याविषयी जवळजवळ काही ठाऊक नाही. आई-बाप कुठल्या हताशेने मुलाला तिथवर नेत असतील, याची कल्पना करता येते; त्या मुलाला कुणी विचारलं असेल, असं मात्र वाटत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने आता रुग्णाची स्वतःची संमती आणि मंडळाची परवानगी असल्याशिवाय अशा शस्त्रक्रियेला मज्जाव केला आहे.

आपल्या कायद्याकडे शरीराच्या रागाचं एक माप फार आधीपासून आहे: घड्याळ. गंभीर आणि अचानक चिथावणीने तोल जाऊन मारलं तर तो खून नव्हे, हा अपवाद जुन्या दंडसंहितेच्या ३००व्या कलमात होता, नव्या न्याय संहितेच्या १०१व्या कलमात तसाच आहे. त्याची सगळ्यांत गाजलेली परीक्षा मुंबईत झाली. २७ एप्रिल १९५९. कमांडर कावस नानावटींना दुपारी बायकोने प्रेम आहुजाशी असलेले संबंध सांगितले. दीडच्या सुमारास ते निघाले, बायको-मुलांना मेट्रो थिएटरला सोडलं, सहाला न्यायला येतो म्हणाले, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, आहुजांच्या ऑफिसात गेले, तिथे नाहीत म्हणून घरी गेले. चार वाजून वीस मिनिटांनी गोळ्या सुटल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं होतं, पण उच्च न्यायालयाने ते फिरवून जन्मठेप दिली. १९६१च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम करताना हिशेब मांडला: मधे तीन तास गेले, तोल सावरायला तेवढा वेळ पुरेसा आहे.

शरीराच्या घड्याळाने पाहिलं तर? ॲड्रेनॅलिन रक्तात काही मिनिटांत निम्मं होतं. कॉर्टिसॉल वीस-तीस मिनिटांत शिखर गाठतं आणि मग तास-सव्वा तासाला निम्मं होत ओसरतं. तीन तासांनी पहिल्या तडाख्यातलं फार थोडं उरतं. न्यायाधीशांनी रसायनशास्त्र न उघडता लावलेला अंदाज शरीराच्या बराच जवळ आहे. अडचण एवढीच, की माणूस त्या तीन तासांत गप्प बसत नाही. तो दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणतो, आणि दर वेळी ग्रंथी नव्याने सोडतात. सांडाला हे जमत नाही. पण न्यायालयाने घड्याळाशेजारी दुसरी गोष्ट ठेवली, ती मला जास्त मोलाची वाटते: नानावटी त्या वेळात बायको-मुलांच्या पुढच्या आयुष्याचा विचार करत होते, म्हणजे डोकं चालू होतं. आज मेंदूवाले ज्याला कपाळामागच्या भागाचं काम म्हणतात, ते ही माणसं सिनेमाच्या वेळापत्रकातून वाचत होती. त्याच निकालाने कसोटी घालून दिली ती आरोपीच्याच समाजथरातल्या समंजस माणसाची. मिशिगनच्या बोळात पस्तीस वर्षांनी लाळेत जे सापडलं, त्याची जागा तिथे आधीच राखून ठेवलेली होती.

एक रसायन मात्र या लेखात आलेलंच नाही, कारण त्याला ग्रंथी लागत नाही, बाटली लागते. मेंदूचा आवर घालणारा भाग आधी सैल करायचा आणि बाकीचा नंतर, ही त्याची पद्धत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दर वेळी तेच दिसतं: नवरा वारंवार पिऊन येतो त्या घरांत बायकोला मार बसण्याचं प्रमाण न पिणाऱ्यांच्या घरांपेक्षा कितीतरी जास्त. याही बाबतीत प्यालेला माणूस साहेबाला मारत नाही, घरी येऊन बायकोला मारतो. कुणाला मारायचं, हे दारूला विचारावं लागत नाही. कायदाही इथे ढळत नाही: आपणहून प्यालेल्याला नशेचं निमित्त सांगून सुटता येत नाही. महाराष्ट्रातल्या बायकांनी दारूवर नियमानेच दिलेला एक उपाय हाती घेतला. गावातल्या महिला मतदारांनी ठरावीक संख्येने मागणी केली की दुकान ठेवायचं की नाही, यावर मतदान होतं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त मतदार आडव्या बाटलीच्या बाजूने उभे राहिले तर दुकान बंद. पुष्कळ गावांत असं मतदान झालंय, काही ठिकाणी बाटली आडवी झाली, काही ठिकाणी मतं कमी पडली आणि बायकांनी पुढच्या खेपेची तयारी सुरू केली.